मेंदूच्या देवडीवर

रक्तात सोडलेले औषध सर्वांगी फिरते, पण मेंदूच्या देवडीवर बहुधा अडते. १८८५ मध्ये पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले; अवयव रंगले, मेंदू कोराच राहिला. मेंदू रंग धरतच नाही, असा त्यांनी तर्क केला. तो चुकला. त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये निळा रंग थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, तेव्हा मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले! दोहोंच्या मध्ये भिंत होती.

ती टाळण्याचा सरळ मार्ग म्हणजे कवटीला बारीक छिद्र. हॉर्सली व क्लार्क यांनी १९०८ मध्ये वर्णिलेल्या चौकटीच्या धर्तीवर, भूल दिलेल्या उंदराचे डोके स्थिर करून आजही नेमक्या जागी नळी उतरवतात. मात्र तिच्या टोकाशी सोडलेले औषध आपसूक फार तर काही मिलिमीटर झिरपते. मंद दाबाने संथपणे सोडल्यास ते दूरवर पसरते, हे अमेरिकी संशोधकांनी १९९४ मध्ये मांजरांवर दाखवले. घाई केली, तर औषध नळीच्या कडेने उलटे वर येते. या जमाखर्चात मुक्या जिवांचाही रकाना आहे, ही बोच आहेच. मेंदूतील अर्बुदाच्या काही रुग्णांवरही पुढे याच पद्धतीच्या चाचण्या झाल्या.