लताची गाणी हरवणार नाहीत, आजीची हरवतील

सॉफ्टवेअरच्या धंद्यात असल्यामुळे घरातली गाणी कशी सांभाळायची हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. विचारणारा बहुधा पुण्यात फ्लॅट घेतलेला असतो. त्याच्याकडे चार टेराबाइटची डिस्क, तिच्यात लता, किशोर, भीमसेन, कोल्डप्ले, सगळं फ्लॅकमध्ये. डिस्क उडाली तर? म्हणून दोन डिस्कांचं रेड, मग नॅस, मग नॅसला यूपीएस. माझ्या मते हा बॅकअप नाही, हौस आहे. एक तर रेड म्हणजे बॅकअप नव्हेच. चुकून डिलीट केलेली फाइल ते दोन्ही डिस्कांवरून इमानेइतबारे उडवतं. दुसरं म्हणजे, लताची तीच गाणी हजारो घरांत आहेत. तुमची गेली तर उद्या परत मिळतील.

परत न मिळणारी गाणी वेगळीकडे आहेत. विंझरसारख्या गावात ती सप्ताहातल्या भजनाच्या कॅसेटमध्ये आहेत, जिला वेल्ह्याच्या पावसात बुरशी धरते. कुणीतरी मोबाइलवर टिपलेल्या जागरण-गोंधळात आहेत, हळदीच्या गाण्यांत आहेत, आजीच्या ओव्यांत आहेत. प्रत एकच, तीही मेमरी कार्डात. फोन हँग व्हायला लागला की पहिली उडते ती हीच फाइल, कारण तिचं नाव नुसते आकडे असतात.

‘यूट्यूबवर असतंच की सगळं.’ नसतं. आणि असलं तरी ते तुमचं नसतं. २०१९ मध्ये मायस्पेसने कबूल केलं, की सर्व्हर हलवताना २०१५ पूर्वी लोकांनी चढवलेली गाणी गेली. ती कोट्यवधी होती. मार्च २०२३ मध्ये कराराचं जमलं नाही म्हणून झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून उतरली. ‘सैराट’ची गाणी झी म्युझिकचीच. एवढ्या चाललेल्या गाण्यांची ही गत, तर तुमच्या चुलत्याच्या पखवाजासाठी कोण करार करत बसणार आहे? व्हॉट्सॲप ग्रुपचं तर बोलूच नका. जुना ऑडिओ पुन्हा डाउनलोड करायला जा, मग कळेल.

हे काम नीट कसं होतं त्याचं उदाहरण आपल्या शेजारच्या मुळशी तालुक्यात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८० च्या दशकापासून मुळशीत आणि मग महाराष्ट्रभर हिंडून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल या फ्रेंच अभियंता-संगीतज्ञाने त्यांचा डेटाबेस बांधला, शंभरहून जास्त तासांचं ध्वनिमुद्रण झालं. गी २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. तरी २०१७ पासून ‘परी’ या संकेतस्थळावर त्या ओव्या ऐकता येतात. का? कारण गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून ठेवलं होतं, आणि माल एकाच कपाटात नव्हता.

दुसरं उदाहरण वेल्ह्याचंच, पण उलटं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांमधली पुस्तकं, कागदपत्रं चिखलात गेली. एकाच वाड्यात तीन प्रती असत्या तर तिन्ही गेल्या असत्या. म्हणून आमच्या धंद्यात नियम आहे : प्रती तीन, माध्यमं दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. विंझरच्या घरात एक डिस्क, पुण्यातल्या बहिणीकडे दुसरी, तिसरी क्लाउडवर. झालं.

खर्चाचं कारण सांगू नका. सीडीच्या दर्जाचा आवाज मिनिटाला साधारण १० एमबी घेतो, म्हणजे तासाभराची कॅसेट ६०० एमबी. फ्लॅक केलं की जवळजवळ निम्मं. शंभर कॅसेट तीसेक जीबीत बसतात. एवढी जागा तुमच्या फोनमध्ये गुड मॉर्निंगने खाल्लेली असते. फायलींचे चेकसम काढून ठेवा आणि वर्षातून एकदा ताडून बघा. न बघितलेला बॅकअप म्हणजे न उघडलेलं लोणच्याचं बरणीभर आश्वासन, आत काय झालंय देव जाणे.

एक मात्र वेगळं सांगायला हवं. जपणं म्हणजे अपलोड करणं नव्हे. ओवीत सासरचं गाऱ्हाणं असतं, नावानिशी असतं. ती जगाला ऐकवायची की नाही हे आजी ठरवेल, तुमचे फॉलोअर्स नाही.

तिला हेही विचारून घ्या, की मागे झील धरणारी कोण होती, कुठल्या गावची, आणि रेकॉर्डिंग कुणाच्या लग्नातलं. फाइलच्या नावात तेवढं घाला, मग कॉपी मारा.