पाटीवर क्रूस, तराजूत काय?

वाचकहो, दुकानाचे नाव ठेवणे हे आपल्याकडे बारशाइतकेच गंभीर काम असते. ‘श्री गणेश’, ‘महालक्ष्मी’, ‘माउली’ ही नावे तर गल्लोगल्ली दिसतात. आम्हा ख्रिस्ती लोकांतही कुणी संताचे नाव देतो, कुणी ‘होली क्रॉस’ म्हणतो. त्यात भक्ती असते, थोडी हौस असते, देव पाठीशी राहावा ही इच्छाही असते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण हल्ली ‘ब्रँडिंग’ नावाचे प्रकरण आले आहे. वसईच्या बाजूला माझा एक जुना विद्यार्थी बेकरी काढतो आहे. त्याने मला विचारले, “बाई, आपला धंदा ख्रिस्ती मूल्यांवर चालतो हे लोकांना कळायला नको का? पाकिटावर क्रूस आणि बिलावर बायबलचे वचन छापू का?” प्रश्न प्रामाणिक होता. माझे मत असे, की मूल्य आधी गिऱ्हाइकाच्या हातात पडावे. पाटीवर ते सगळ्यात शेवटी आले तरी चालेल, न आले तरीही चालेल.

याला इतिहासात चांगला दाखला आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर नावाचा ख्रिस्ती पंथ निघाला. त्या काळी दुकानात घासाघीस हाच रिवाज होता. क्वेकर दुकानदारांचे म्हणणे असे, की जी किंमत मी घेणार नाही ती सांगणे म्हणजे खोटे बोलणे. होय असेल तर होय म्हणावे, नाही असेल तर नाही, ही येशूची शिकवण त्यांनी थेट गल्ल्यावर आणून बसवली आणि एकच भाव ठेवला. त्यांचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याने लिहून ठेवले आहे, की सुरुवातीला गिऱ्हाइके तुटली. पण पुढे लोकांच्या लक्षात आले, की यांच्या दुकानात लहान मूल पाठवले तरी ते फसत नाही. मग गर्दी होऊ लागली. आपणही पोराच्या हातात पैसे देऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पाठवतोच की! कुठल्या दुकानात पाठवायचे आणि कुठल्या नाही, हे प्रत्येक आईला ठाऊक असते. त्याहून मोठे ब्रँडिंग कोणते?

आता गंमत पाहा. ज्यांनी हे नाव कमावले त्यांच्या नावाला बाजारात भाव आला. 1877 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील एका गिरणीने ‘क्वेकर’ हे नाव आणि त्या पंथाच्या वेशातला माणूस आपल्या ओट्ससाठी व्यापारचिन्ह म्हणून नोंदवला. त्या कंपनीचा पंथाशी काही संबंध नव्हता. प्रामाणिकपणाची प्रतिमा तेवढी उचलली. तो डबा आज आपल्याकडेही घरोघरी दिसतो. ओट्स वाईट आहेत असे मी म्हणत नाही! पण धर्माचे चित्र डब्यावर चिकटवायला धर्म पाळावा लागत नाही, एवढे यावरून कळते.

खरे क्वेकर असलेल्यांचीही कसोटी सुटली नाही. जॉन कॅडबरी यांनी 1824 साली बर्मिंगहॅममध्ये चहा, कॉफी आणि पिण्याच्या चॉकलेटचे लहानसे दुकान काढले. पुढे त्यांच्या मुलांनी कोकोत पिठाची भेसळ करायची नाही असे ठरवले, कामगारांसाठी बॉर्नव्हिलला बागा असलेली घरे बांधली. पण 1901 साली त्यांच्या कानावर आले, की आपण ज्या साओ तोमे बेटावरून कोको घेतो, तिथे गुलामांसारखे मजूर राबवले जातात. चौकशी झाली, पत्रव्यवहार झाला, माणूस पाठवला. खरेदी मात्र 1909 पर्यंत चालूच राहिली. एका वर्तमानपत्राने यावर टीका केली तेव्हा कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. ज्यूरीने निकाल कंपनीच्या बाजूने दिला, पण भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा भाग! मला हा फार्दिंग फार बोलका वाटतो. तुम्ही देवाचे नाव घेऊन धंदा करता तेव्हा लोक तुम्हाला इतरांपेक्षा मोठ्या मापाने मोजतात. आणि ते योग्यच आहे.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी सांगितले, की पाकिटावर कायद्याने जे छापावे लागते तेच आधी खरे छाप. वजन, किंमत, माल कधी बनवला ती तारीख. कालचा पाव आजचा म्हणून विकायचा नाही. लादी हलकी करून भाव तोच ठेवायचा नाही. खोटा तराजू देवाला आवडत नाही, हे नीतिसूत्रांच्या पुस्तकात स्पष्ट आहे. भट्टीवर रात्रभर उभ्या राहणाऱ्या मुलांचा पगार ठरल्या दिवशी द्यायचा, आणि त्यांनाही आठवड्याची सुट्टी द्यायची. अमेरिकेतली चिक-फिल-ए ही खानावळ 1946 पासून रविवारी बंद असते. आज तिच्या हजारो शाखा आहेत, तरी हा नियम कायम आहे. त्यांच्या सगळ्याच गोष्टी पटाव्यात असे नाही, पण श्रद्धेपायी दर आठवड्याला एक दिवसाचा गल्ला सोडणे याला किंमत मोजावी लागते. बेकरीला तर रविवारी सकाळीच सगळ्यात जास्त पाव लागतो. बघा, जमते का!

आणखी एक गोष्ट. पाकीट शेवटी कचऱ्यात जाते. त्यावरचा क्रूस आणि वचनही मग नालीत पडते. ज्याला ते पवित्र वाटते त्यानेच ते तिथवर पोहोचवायचे, हे मला बरे वाटत नाही. आपल्याकडे 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने ‘रामायण’ हे नाव अगरबत्तीसाठी कुणा एकाच्या मालकीचे व्यापारचिन्ह होऊ शकत नाही असा निकाल दिला. पवित्र ग्रंथाचे नाव कुणा एका दुकानदाराच्या खिशात जाऊ नये, हे कुठल्याही धर्माला लागू पडावे.

आणि क्रूस बघून ‘हा आपला माणूस’ म्हणून जो डोळे मिटून पैसे देतो, त्याच्या विश्वासाचे काय? आपल्याच माणसांना आपल्याच देवाच्या नावाने फसवणारे प्रत्येक धर्मात निघाले आहेत. दानधर्माचा डांगोरा पिटू नका, असे येशूने डोंगरावरच्या प्रवचनात बजावले होते. पाव विकणे हे काही दान नाही, तरी सल्ला इथेही लागू पडतो.

असो. क्रूस छापूच नये असा माझा हट्ट नाही. दहा वर्षे धंदा कर, हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांनी आपणहून म्हणू दे, की या बेकरीत पोराला पाठवले तरी चालते. त्यानंतर पाटीवर काय लिहायचे ते खुशाल ठरव. तोवर बहुधा पाटीची गरजच उरणार नाही. वाचकहो, तुमच्या गल्लीत असे एखादे दुकान आहे का?