‘पिकअप हिम’ चुकतं, मग ‘लुक आफ्टर हिम’ कसं चालतं?

‘त्याला स्टेशनवरून पिकअप कर.’ मराठीत हे वाक्य रोज कानावर पडतं आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. हेच इंग्रजीत सांगायची वेळ आली की अनेकांच्या तोंडून ‘पिकअप हिम’ निघतं. इंग्रजीत ते ‘पिक हिम अप’ असंच हवं. ‘स्विच ऑफ इट’, ‘थ्रो अवे इट’, ‘फिल अप इट’ ही त्याच घरातली भावंडं.

अशा वाक्यांनी काम अडत नाही. समोरच्याला अर्थ कळतो, लाइट बंद होतो, फॉर्म भरला जातो. अडतं ते मुलाखतीत आणि परदेशी क्लायंटच्या कॉलवर. तिथे एका छोट्या शब्दाच्या जागेवरून बोलणाऱ्याचं इंग्रजी ‘कच्चं’ ठरतं. पुढच्या वेळी तो माणूस तोंडच उघडत नाही, भले कामात तो टीममधल्या इतरांपेक्षा हुशार असो. हा न्याय फारसा बरा नाही, कारण ही जागा बहुतेकांना कुणी शिकवलेलीच नसते.

नेमका नियम काय?

क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘अवे’ असा छोटा शब्द चिकटून वेगळा अर्थ तयार होतो, त्याला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. हे नाव तसं अलीकडचं, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ च्या पुस्तकातून रुळलेलं. पण प्रकार जुना आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं होतं, की परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत जड जातं ते हेच.

कर्म नाम असेल तर दोन्ही रचना चालतात. ‘टर्न ऑफ द लाइट’ म्हणा किंवा ‘टर्न द लाइट ऑफ’ म्हणा. पण नामाच्या जागी सर्वनाम आलं की पर्याय संपतो. ‘मी, यू, हिम, हर, इट, अस, देम’ (यातला ‘मी’ इंग्रजी, मराठी नव्हे) हे सगळे मध्येच बसतात. ‘टर्न इट ऑफ.’ दुसरं काही नाही.

असं का, याचं उत्तर व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा कानात सापडतं. इंग्रजी वाक्य नवी आणि वजनदार माहिती शेवटाकडे ढकलतं. ‘इट’मध्ये नवं काही नसतं; कशाबद्दल बोलणं चाललंय हे दोघांनाही माहीत असतं. त्यामुळे ‘इट’ घाईत, दबक्या आवाजात उच्चारलं जातं आणि जोर पडतो ‘ऑफ’वर. हलका शब्द शेवटी ठेवला तर वाक्य लंगडतं. उलट कर्म लांबलचक असेल, म्हणजे ‘स्वयंपाकघरात तू चालू ठेवलेला लाइट’ असं काही, तर ते मध्ये न कोंबता शेवटीच ठेवतात. तत्त्व तेच.

मराठी कानाला हे का पटत नाही?

मराठीतही अशा जोड्या आहेत. ‘खाऊन टाक’, ‘देऊन टाक’, ‘उचलून घे’. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत जो फरक आहे, बराचसा तोच ‘ईट’ आणि ‘ईट अप’ यांत आहे. पण आपण ‘ते खाऊन टाक’ म्हणतो. ‘ते’ बाहेर राहतं. जोडीच्या मध्ये फार तर ‘च’ शिरतो, ‘खाऊनच टाक’. सर्वनामाला तिथे जागा नाही.

त्यात आपण इंग्रजी जोड्या उचलतानाही अख्ख्या उचलल्या. पिकअप कर, लॉगिन कर, फोन स्विच ऑफ आहे. मराठीत ‘पिकअप’ हा आता एकच शब्द आहे, मागे ‘कर’ लावला की झालं. तो इंग्रजीत परत नेताना मधून तोडायचा, हे सुचणार कसं?

गंमत म्हणजे ‘कॉल बॅक मी’ असं सहसा कुणी म्हणत नाही. ‘कॉल मी बॅक’, ‘वेक मी अप’ हे बरोबर येतं, कारण ते सिनेमात, गाण्यांत, फोनवर हजारदा ऐकलेलं असतं. म्हणजे नियम डोक्यात आधीच आहे. फक्त तो ज्या वाक्यांत ऐकला, तेवढ्यापुरताच आहे. ज्यांच्या घरात इंग्रजी बोललं जातं त्यांना तो सगळीकडे फुकट मिळतो. बाकीच्यांच्या हाती अर्थांची यादी येते.

आणि न तुटणाऱ्या जोड्या?

खरी पंचाईत इथे आहे. ‘मध्ये टाका’ एवढंच पाठ केलं तर ‘लुक हिम आफ्टर’ असं काहीतरी भलतंच तयार होतं. ‘लुक आफ्टर’मधलं ‘आफ्टर’ हे शब्दयोगी आहे, त्याचा धागा पुढच्या शब्दाशी जुळलेला आहे. म्हणून ‘लुक आफ्टर हिम’, ‘वेट फॉर देम’, ‘गेट ओव्हर इट’. तीन शब्दांच्या जोड्याही तुटत नाहीत: ‘पुट अप विथ इट’.

फरक समजायला ‘लुक अप’ पुरेसा आहे. शब्दकोशात शब्द शोधायचा असेल तर ‘लुक इट अप’. धुराड्यात खालून वर डोकावायचं असेल तर ‘लुक अप इट’. शब्द तेच, ‘अप’चं काम वेगळं. कधी कधी तर जागा बदलली की अर्थच फिरतो. ‘सी थ्रू हिम’ म्हणजे त्याचं सोंग ओळखणं. ‘सी हिम थ्रू’ म्हणजे त्याला अडचणीतून पार पडायला मदत करणं. मेलमध्ये ही अदलाबदल झाली तर प्रकरण महागात पडेल.

स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी फिरणाऱ्या फ्रेझल व्हर्बच्या पीडीएफमध्ये यातलं सहसा काही नसतं. डावीकडे जोडी, उजवीकडे अर्थ. परीक्षा अर्थ विचारते म्हणून क्लास अर्थ शिकवतात. गुण मिळतात, पण बोलता येत नाही. त्याऐवजी प्रत्येक जोडी पहिल्या दिवसापासून ‘इट’सकट शिकवावी. ‘टर्न डाउन’ नव्हे, ‘टर्न इट डाउन’. ‘लुक आफ्टर’ नव्हे, ‘लुक आफ्टर इट’. वेगळा तास लागणार नाही, यादीही तीच राहील.

तोवर मोबाइलवरचा शब्दकोश कामी येतो. विद्यार्थ्यांसाठीच्या ऑक्सफर्ड कोशात कर्म कुठे बसतं हे जोडीतच छापलेलं असतं. ‘टर्न समथिंग ऑफ’ असं लिहून ‘समथिंग’च्या पुढे दोन टोकांचा बाण दिसला, तर ती जोडी तुटते आणि सर्वनाम मध्ये जातं. ‘लुक आफ्टर समबडी’ असं बाणाशिवाय दिसलं, तर सर्वनाम शेवटी.