उपकार कसले? आधी देणे फेडा!

ऋणकोने सावकाराच्या दारी जाऊन ‘तुला मदत म्हणून थोडे देतो आहे, तेही व्याजाने’ असे सुनवावे, हा प्रकार गावच्या बाजारात घडला तर शहाणी माणसे हसतील. आंतरराष्ट्रीय परिषदांत मात्र त्यावर टाळ्या पडतात आणि त्याला ‘हवामान-निधी’ असे भारदस्त नाव मिळते.

२००९ साली कोपनहेगन येथे श्रीमंत राष्ट्रांनी शब्द दिला की, २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करू. त्यांच्याच हिशेबानुसार हा आकडा गाठला गेला २०२२ मध्ये. आणि त्यातील सरकारी निधीचा निम्म्याहून अधिक भाग होता कर्जाचा! २०२४ साली बाकू येथे विकसनशील देशांनी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलरची गरज मांडली. पदरात पडले ३०० अब्जांचे आश्वासन, तेही २०३५ पर्यंतचे. हा दस्तऐवज म्हणजे निव्वळ दृष्टिभ्रम आहे, असे भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी तेथेच ठणकावले. परंतु तोवर ठराव संमत झाल्याचे जाहीर करून अध्यक्ष मोकळे झाले होते.

मुळात येथे ‘परोपकार’ हा शब्दच लबाड आहे. दीड-दोनशे वर्षे ज्यांच्या धुराड्यांनी सर्वांच्या आकाशात धूर सोडला, त्यांनी द्यायचे ते दान नव्हे, ती ऋणफेड आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीवर डोळा ठेवून दिलेल्या दानाला राजस म्हटले आहे. व्याजी कर्ज तर त्या पंक्तीतही बसत नाही. आणि दूरच्या अरण्यातील झाडांच्या नावाने पैसे भरून आपला धूर ‘शून्य’ करून घेण्याची नवी सोय? युरोपात पूर्वी पापमुक्तीची पत्रे विकली जात. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने त्यावरच कोरडे ओढले होते. दुकान तेच, पाटी तेवढी बदलली.

आपल्या धर्मशास्त्राने चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातील हिंसेची पाच स्थाने सांगितली आणि त्यांच्या परिमार्जनासाठी नित्याचे पंचमहायज्ञ. जगण्यातच इतरांचे देणे लागते आणि ते ज्याचे त्यानेच रोज फेडायचे असते, हा त्यामागचा विचार.

मात्र हे माप हाती घेतले की आपलीही सुटका नाही. अमेरिकी माणसामागे वर्षाला सुमारे १४ टन कर्बवायू, भारतीयामागे सुमारे २ टन. हे आकडे व्यासपीठावरून सांगताना छाती फुगते. पण ती सरासरी खाली ठेवली आहे मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याने आणि बीडच्या ऊसतोड मजुराने. तीन खोल्यांत तीन वातानुकूलन यंत्रे लावणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कुटुंबाने त्यांच्या आडोशाला बसून पाश्चात्त्यांना नीती शिकवावी काय? जुलैत वृक्षारोपणाची छायाचित्रे झळकतात, त्यात आपलेही कार्यकर्ते असतात. मे महिन्यात त्याच रोपांना घागरभर पाणी घालायला त्यांतले किती जण गेले होते?