नगरसेवकाचा हिशेब

नगरपालिका हा विषय आमच्या वाचकांस, आणि विशेषतः वाचकभगिनींस, रूक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु पहाटेचा नळ, दारापुढची नाली, कोपऱ्यावरचा दिवा आणि कचऱ्याची गाडी हे ज्याचे विषय, तो कारभार स्वयंपाकघरापासून फारसा दूर नाहीं. मंत्रिमंडळाचा निर्णय आपल्या घरीं पोंचावयास महिने लागतात. तुंबलेल्या नालीचें पाणी त्याच रात्रीं पोंचतें.

नागपूरकरांनीं याचा प्रत्यय २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे घेतला. कांहीं तासांत १०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला, १८७० सालीं बांधलेला अंबाझरीचा तलाव भरून वाहूं लागला, नाग नदीनें पात्र सोडलें, आणि अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउट अशा वस्त्यांत घरोघर पाणी शिरलें. माणसें दगावलीं, संसार भिजले. अशा वेळीं मनुष्य ज्याचें दार प्रथम ठोठावतो, तो नगरसेवक त्या दिवशीं अधिकारानें कोणीच नव्हता. मागील सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली होती. प्रभागरचना व आरक्षण यांचे वाद न्यायालयांत अडकले होते. कारभार प्रशासकाकडे होता. मुदत संपण्यापूर्वीं निवडणूक व्हावी असें १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें सांगितलें असतांही हें शहर जवळजवळ चार वर्षें निर्वाचित सभागृहावांचून राहिलें.

१५ जानेवारी २०२६ रोजीं तो उपवास सुटला. ३८ प्रभागांतून १५१ नगरसेवक निवडावयाचे, आणि त्यांतील निम्म्या जागा स्त्रियांकरितां राखीव, ही समाधानाची गोष्ट होय. पण एकेका प्रभागास बहुधा चार नगरसेवक! दोन घरचा पाहुणा उपाशी, मग चार घरच्या पाहुण्याची काय कथा? त्यांतच एक रस्ता महापालिकेचा, दुसरा सुधार प्रन्यासाचा, तिसरा सार्वजनिक बांधकाम खात्याचा. खड्डा मात्र कोणाचाच नाहीं.

नगरसेवकानें स्वतः नाली उपसावी असें कोणीच म्हणत नाहीं. कामें करवून घेणें हा आयुक्तांचा व त्यांच्या खात्यांचा अधिकार. नगरसेवकाचें कर्तव्य निराळें: सभागृहांत पैशास मंजुरी देणें, प्रश्न विचारणें, आणि विचारून जें कळलें तें आपल्या प्रभागास येऊन सांगणें. या तिसऱ्या कर्तव्याचा आपणांस विसर पडला आहे. सध्यां प्रभागाचा वृत्तांत म्हणून काय दिसतें? चौकाचौकांत वाढदिवसाचे फलक, आणि भूमिपूजनाचें छायाचित्र. भूमिपूजनाची तिथि सर्वांस ठाऊक असते. काम पुरें झाल्याची तिथि मात्र पंचांगांतही सांपडत नाहीं.

हें सांगणें केवळ सौजन्याचा भाग आहे असेंही नाहीं. २००९ सालीं आपल्या राज्याच्या महानगरपालिका कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद झाली. नगरसेवकानें आपल्या क्षेत्रांतील मतदारांची सभा बोलवावी, दोन वर्षांत निदान चार वेळां बोलवावी, आणि तसें न केल्यास त्याचें सदस्यत्वच जाऊं शकतें, असा तिचा आशय. पूर्वीं नागपुराचा स्वतंत्र कायदा होता. २०१२ पासून राज्याचा कायदा येथेंही लागू आहे. परंतु बहुतेक शहरांत ही तरतूद अजागलस्तनासारखी राहिली: दिसावयास आहे, दूध मात्र नाहीं. लोक सभेस येत नाहींत, अशी तक्रार नगरसेवक करितात. सभेचें बोलावणेंच आलें नाहीं, अशी तक्रार लोक करितात. आमच्या मतें बोलावणें धाडणें हें नगरसेवकाचें काम, आणि तें न आल्यास मागून घेणें हें आपलें.

अशा सभेंत काय ऐकावें? कोणतें काम मंजूर झालें, त्यास किती रुपये, तें कोणाकडे दिलें, केव्हां पुरें व्हावयाचें, एवढें प्रथम. पावसाळ्यापूर्वीं कोणत्या नाल्या उपसल्या व कोणत्या राहिल्या, हें त्यानंतर. आणि सर्वांत महत्त्वाचें, जें झालें नाहीं तें कां झालें नाहीं. यशाची यादी कोणीही वाचून दाखवील. राहिलेल्या कामाचें कारण जो उभा राहून सांगतो, त्यावर लोकांचा विश्वास बसतो. पैसा नव्हता असें सांगितल्यास समंजस माणूस ऐकून घेतो. मौनास मात्र तो क्षमा करीत नाहीं.

एकत्र कुटुंबांत वडील माणसें घरखर्चाचा हिशेब महिन्याचे महिन्यास मांडतात, तो अविश्वासामुळें नव्हे. हिशेब मांडला म्हणजे धाकटेही जबाबदारीनें वागतात. शहराचेंही तसेंच आहे. आमच्या वाचकांस एवढेंच सुचवितों कीं, या पावसाळ्यापूर्वीं आपल्या चारही नगरसेवकांचीं नांवें घरांतील सर्वांस, सुना-मुलांसुद्धां, ठाऊक असावीं. चार शेजाऱ्यांच्या सह्यांनिशीं, सौम्य शब्दांत, एक पत्र त्यांस लिहावें: आपली क्षेत्रसभा केव्हां? पत्राची नक्कल घरांत ठेवावी आणि वर तारीख घालण्यास विसरूं नये.