सर्व्हिसिंगहून आणलेल्या गाडीचे इंजिन गेले तर

ऑइल बदलणे हे सर्व्हिसिंगमधले सगळ्यात साधे काम. चेंबरचा नट काढून जुने ऑइल सोडायचे, फिल्टर बदलायचा, नवे भरायचे. लहान पेट्रोल मोटारीला तीन-साडेतीन लिटर पुरते. पण याच कामात हलगर्जी झाली तर इंजिन जाते आणि घरची वर्षाची बचत त्याच्यामागे जाते.

मागच्या पावसाळ्यात आमच्यावर ही वेळ आली. अधिकृत वर्कशॉपमधून गाडी आणली आणि तिसऱ्या दिवशी पनवेलच्या पुढे मीटरमध्ये ऑइलचा लाल दिवा लागला. अब्बांनी लगेच गाडी कडेला घेऊन बंद केली, पण तेवढ्यात आतून ठकठक सुरू झाली होती. मागे रस्त्यावर काळी रेघ उमटलेली. ऑइलचा दाब गेला की क्रँकच्या बेअरिंगचा निकाल लागायला काही मिनिटे पुरतात. अशा वेळी "जरा चालू करून बघू" हा मोह टाळलेला बरा.

आम्ही रस्त्यावरचे ऑइल, कोरडी डिपस्टिक, किलोमीटरचा आकडा आणि खालून चेंबर, सगळ्याचे फोटो काढले. ते कामी आले, कारण वर्कशॉपचे पहिले उत्तर होते, "खालून दगड लागला असेल." चेंबरवर तर ओरखडाही नव्हता.

गाडी ओढून नेतात तीही वर्कशॉपवालेच, आणि इंजिन उघडून बसतात. एकदा उघडले की पुरावा कसला? म्हणून आम्ही त्याच संध्याकाळी ईमेल केला, की परवानाधारक मोटार सर्व्हेअर आणि आम्ही हजर असल्याशिवाय काही खोलू नये. त्याच्यासमोर फिल्टर काढला तर रबरी रिंगा दोन! जुन्या फिल्टरची रिंग इंजिनला चिकटून राहिली होती आणि नवा फिल्टर तिच्यावरच कसला होता. अशी दुहेरी रिंग दाबाखाली सरकते आणि ऑइल बाहेर फेकले जाते. तो फिल्टर आम्ही सही-शिक्क्यानिशी ताब्यात घेतला.

विम्याकडून आशा नव्हती. यांत्रिक बिघाड साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत बसत नाही. वर्कशॉपने "मजुरी माफ, सामानाचे पैसे तुम्ही द्या" असा तोडगा काढला आणि पुढे तक्रार नाही, अशा कागदावर सही मागितली. आम्ही सही केली नाही.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष सेवेची तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करता येते. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि इथे ती रक्कम म्हणजे सर्व्हिसिंगचे बिल. वकील लावायलाच हवा असे नाही. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी टॅक्सी किंवा टेम्पो चालवणाऱ्यांनीही "आपण धंदेवाले" म्हणून मागे राहू नये. स्वयंरोजगाराला कायद्यात सवलत आहे.

आम्ही सर्व्हेअरचा अहवाल, जॉब कार्ड आणि बिलाच्या प्रती जोडून रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. तीन आठवड्यांनी त्यांनी स्वखर्चाने हाफ इंजिन बसवून दिले. गाडी घेताना नव्या जॉब कार्डवर बिघाडाचे कारण लिहून मागितले, तेव्हा मॅनेजर बराच वेळ घुटमळला. शेवटी त्याने "फिल्टर लीकेज" एवढेच लिहिले. भाड्याच्या गाडीचे पैसे अजून यायचे आहेत.