चिठ्ठी डॉक्टरची, खर्च कुणाचा?

इंग्लंडमधले डॉक्टर एकाकी वृद्धांना गोळ्यांच्या जोडीला गायनमंडळ, बागकाम किंवा गप्पांचा गट सुचवतात, आणि त्यासाठी सरकार पगारी माणूस नेमतं, हे ऐकून आपल्याकडे हसू येतं. 'आमचे आजोबा रोज कट्ट्यावर बसतात, फुकट!' बसतात खरे. पण ज्याला ऐकू येत नाही, ज्याचे गुडघे धरलेत, बायको गेल्यापासून ज्याला दार उघडायचाही कंटाळा येतो, तो कट्ट्यावर दिसत नाही. म्हणून तो आपल्या हिशेबातही नसतो. प्रश्न त्याचा आहे.

डॉक्टरकडे त्याच्यासाठी दहाच मिनिटं असतात. सरकारने नेमलेला तो पगारी माणूस, म्हणजे 'लिंक वर्कर', मात्र निवांत बसतो, पूर्वी काय आवडायचं ते विचारतो, वेळ पडली तर पहिल्या दिवशी सोबतही जातो. पंचाहत्तरीत अनोळखी खोलीत एकट्याने शिरून बघा, मग याला चोचले म्हणा.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: पुरावा कुठाय? अशी योजना राबवणाऱ्या, सॉमरसेटमधल्या फ्रूम गावाचा दाखला सगळे देतात. २०१३ ते २०१७ या काळात तिथे तातडीने रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. पण तो काटेकोर तुलनात्मक प्रयोग नव्हता. 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०१७च्या आढाव्यानेही एकूण पुरावा कच्चाच ठरवला. मान्य. मात्र त्याच आढाव्यात अभ्यास छोटे आणि अल्पमुदतीचे असल्याची तक्रार आहे. वर्षभराचं अनुदान द्यायचं आणि पाच वर्षांचा निकाल मागायचा, हा कुठला न्याय?

'स्वयंसेवक आहेतच की' म्हणणाऱ्यांनी एखाद्या गटाची वही उघडून पाहावी: सभागृहाचं भाडं, हिवाळ्यातलं हीटिंग, विमा, गाडीचं पेट्रोल, चहाबिस्किटं. गाणं फुकट असतं, खोली नसते.

खरी चूक इथेच आहे. २०१९पासून इंग्लंडची राष्ट्रीय आरोग्य सेवा लिंक वर्करचा पगार देते. तो ज्या गटाकडे माणसं पाठवतो, त्या गटाला त्या पैशातून काही मिळेलच याची हमी नाही. माणसं वाढतात, गट मात्र देणग्यांसाठी दारोदार फिरतो. २०१०नंतरच्या काटकसरीत स्थानिक परिषदांचेही हात आखडले. तेव्हा योजना गुंडाळू नका. पाठवलेल्या प्रत्येक वृद्धामागे गटाला ठरलेली रक्कम द्या, तीही किमान तीन वर्षांसाठी, आणि मग खुशाल पुरावा मागा.